एकशे साठ निबंध आणि वाचणारी एकटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी एक पत्र येतंच, की आजकालच्या पोरांना धड चार वाक्यं लिहिता येत नाहीत, ग्रॅज्युएट झाले तरी साधा अर्ज जमत नाही, शिक्षक काय करतात कोण जाणे. पत्र लिहिणारे रागावलेले असतात आणि खरं सांगायचं तर अर्धं ते बरोबरच बोलतात. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला लिहायचंय, कारण त्या "शिक्षक काय करतात" मधली शिक्षक मी आहे. मी युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहायला शिकवते. साहित्य नाही, नुसतं व्याकरणही नाही, लेखन. म्हणजे मुद्दा कसा मांडायचा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दात कसं सांगायचं आणि ते त्याचं आहे हे कसं कबूल करायचं, पुरावा कुठे द्यायचा, आणि "आजच्या धकाधकीच्या युगात" या तीन शब्दांशिवाय निबंध सुरू कसा करायचा. (या शेवटच्या कामात मला अकरा वर्षांत फारसं यश नाही.)

आता एक हिशोब करू, पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. माझ्याकडे चार तुकड्या, प्रत्येकीत चाळीस मुलं, म्हणजे १६०. एक निबंध तीन पानांचा, तो नीट वाचून त्यावर त्या मुलाच्या उपयोगाचं काही लिहायचं तर २० मिनिटं जातात, कधी जास्तच. १६० गुणिले २० म्हणजे ३२०० मिनिटं, म्हणजे ५३ तासांच्या वर. हा झाला एक ड्राफ्ट. पण लेखन शिकवणं म्हणजे मुळात तेच लिखाण मुलाकडून परत लिहून घेणं, नाहीतर मग ते शिकवणं नाही, ती नुसती परीक्षा, त्यामुळे दुसरा ड्राफ्ट येतो आणि तोही वाचायचा असतो. सेमिस्टरला चार निबंध धरले तर आठ वेळा वाचन, ४२६ तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर आठवड्याला २८ तास फक्त वाचायचं, आणि याच्यात वर्गावर जाणं नाही, तयारी नाही, मीटिंगा नाहीत, "मॅडम माझी अटेंडन्स" नाही. आणि मानधन मिळतं ते वर्गात उभं राहिलेल्या तासांचं. ते २८ तास कुठल्याच कागदावर नाहीत, जणू निबंध आपापले वाचले जातात.

मग होतं काय, की २० मिनिटांची ६ मिनिटं होतात. ६ मिनिटांत माणूस काय लिहितो तर "स्पष्ट लिहा", "मुद्दा विस्तारा", "छान!". मीपण लिहिलंय, शेकड्यांनी लिहिलंय. नॅन्सी सॉमर्स नावाच्या संशोधक बाईंनी १९८२ साली शिक्षकांच्या अशा शेऱ्यांवरच अभ्यास छापला होता, त्यात त्यांना दिसलं की हे शेरे एका पेपरवरून काढून दुसऱ्या पेपरवर चिकटवले तरी काही बिघडत नाही, इतके ते मोघम असतात. ते वाचलं तेव्हा मला चोरी पकडल्यासारखं झालं. "स्पष्ट लिहा" म्हटल्यावर मूल काय करणार सांगा, त्याला स्पष्ट कसं लिहायचं ते माहीत असतं तर त्यानं आधीच लिहिलं नसतं का.

हे फक्त आमचंच रडगाणं आहे असं वाटू नये म्हणून सांगते, हे फार जुनं आहे. अमेरिकेत हार्वर्डमध्ये १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाला लेखनाचा कोर्स सक्तीचा झाला, मग बाकीच्यांनी उचलला, आणि तेव्हापासून तिकडचे शिक्षक पेपरच्या गठ्ठ्याखालीच आहेत. १९१२ च्या जानेवारीत तिथं भाषाशिक्षकांच्या एका नव्या मासिकाचा पहिला अंक निघाला, त्यात एडविन हॉपकिन्स या कॅन्ससच्या प्रोफेसरांनी लेख लिहिला, आणि त्याचं शीर्षकच प्रश्न होता: सध्याच्या परिस्थितीत लेखन चांगलं शिकवता येईल का? लेखाचा पहिला शब्द होता, "नाही". मला हा माणूस फार आवडतो. प्रस्तावना नाही, "आजच्या धकाधकीच्या युगात" नाही, सरळ नाही. पुढे सगळा लेख आकडेमोडीचाच, एका शिक्षकाकडे किती मुलं, एक पेपर वाचायला किती वेळ. म्हणजे वर मी केला तोच हिशोब, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी. त्याच्यावर कुणी काही केलं का, तर थोडं केलं. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची तिकडे १९४९ पासून मोठी संघटना आहे, तिची शिफारस आहे की लेखनाच्या एका वर्गात २० च्या वर मुलं नकोत, १५ असली तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे एका टर्मला सगळी मिळून ६० च्या वर नकोत. ६०! मी १६० सांगितले. अर्थात शिफारस म्हणजे शिफारस, तिकडेही कितीतरी ठिकाणी ती पाळत नाहीत आणि लेखनाचे वर्ग मोठ्या संख्येनं हंगामी शिक्षकांच्याच गळ्यात असतात, १९८६ मध्ये वायोमिंगच्या एका परिषदेत शिक्षक याच गोष्टीवरून भडकले आणि पगार, नोकरीची अवस्था यावर ठरावच करून बसले. पण निदान आकडा कुठेतरी लिहिलेला आहे, वाद घालायला हातात काहीतरी आहे. आमच्याकडे वर्गात किती मुलं याचं उत्तर बाकं किती यावर ठरतं.

तर शिक्षकांना मदत, सपोर्ट, रिसोर्सेस वगैरे शब्द निघाले की वर बसलेल्यांच्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात, सॉफ्टवेअर आणि वर्कशॉप. वर्कशॉपचं सांगते. मी गेल्येय अशा सातआठांना तरी. सकाळी दीपप्रज्वलन, मग परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, मग एक सर स्लाइड वाचून दाखवतात, स्लाइडवर लिहिलेलं असतं की शिक्षकानं फीडबॅक वेळेवर आणि नेमका द्यावा. संध्याकाळी सर्टिफिकेट. दिवसभरात एकाही मुलाचा एकही पेपर कुणी उघडत नाही. स्वयंपाकाचा क्लास लावावा आणि दिवसभर भांड्यांचे फोटो बघून घरी यावं, तसं.

आणि मी रुजू झाले तेव्हा मला मिळालं काय, तर मागच्या बाईंच्या सिलॅबसची झेरॉक्स, तीही तिरकी आलेली, आणि हजेरीपट. पेपर कसा वाचायचा हे कुणी सांगितलं नाही. लोकांना वाटतं त्यात काय सांगायचंय, भाषा येते ना तुम्हाला. मी पहिली दोन वर्षं प्रत्येक चूक लाल पेनानं दुरुस्त करायचे, ऱ्हस्व दीर्घ, काळ, विरामचिन्हं, वाक्यच्या वाक्यं बदलून द्यायचे, रात्री एक वाजेपर्यंत. पेपर परत दिले की पोरं शेवटचं पान उलटून मार्क बघायची आणि कागद बॅगेत कोंबायची. पुढच्या निबंधात त्याच चुका. मग मला राग यायचा आणि मी आणखी लाल करायचे.

मग आमच्यातल्या एका सीनियर मॅडमनी एकदा स्टाफरूममध्ये माझा गठ्ठा बघितला आणि म्हणाल्या, अगं हे सगळं तूच दुरुस्त केलंस तर तो काय शिकणार, लिहायची प्रॅक्टिस तुझी होतेय. त्यांनी मला रिचर्ड हॅसवेल या अमेरिकेतल्या लेखनाच्या शिक्षकांची १९८३ ची युक्ती सांगितली. ज्या ओळीत बारीकसारीक चूक आहे त्या ओळीसमोर समासात नुसती एक टिक करायची, चूक कुठली ते सांगायचंच नाही, ओळीत दोन चुका तर दोन टिका. मूल स्वतः शोधतं आणि दुरुस्त करतं. हॅसवेल यांच्या वर्गात मुलांनी निम्म्याहून जास्त चुका आपल्या आपण पकडल्या, म्हणजे त्या मुलांना येत नव्हतं असं नाहीच, बघितलं नव्हतं. मी करून पाहिलं. माझा पेपरमागे पाच-सात मिनिटं वेळ वाचला आणि तो मी मुद्द्यावर बोलायला वापरला, की बाबा रे, तू पहिल्या पानावर एक म्हणतोयस आणि तिसऱ्या पानावर त्याच्या उलट, तुझं नक्की मत काय. आता ही युक्ती १९८३ सालची, मला कळली ती योगायोगानं, कारण त्या दिवशी मॅडमचा लेक्चर ऑफ होता. तो ऑफ नसता तर मी आजही लाल करत बसले असते. माझ्या मते लेखन शिकवणाऱ्याला खरी मदत म्हणजे दुसरा लेखन शिकवणारा आणि दोघांना एकत्र बसायला तासभर. बाकी सगळं नंतर.

त्या मॅडमकडूनच मला मिना शॉनेसींबद्दल कळलं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं प्रवेश सगळ्यांना खुले केले, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी हजारो मुलं आली. प्राध्यापकांनी त्यांचं लिखाण बघून कपाळाला हात लावला, यांना काही होणार नाही म्हणाले. या बाईंनी काय केलं, तर त्या मुलांचे सुमारे ४००० पेपर घेऊन बसल्या आणि वाचले. आणि त्यांना दिसलं की चुका कशाही झालेल्या नाहीत, चुकांना एक लॉजिक आहे, मूल कुठलातरी नियम पाळतंच आहे, फक्त तो त्यानं अर्धवट ऐकलेला किंवा स्वतः बनवलेला आहे. हे मला रोज दिसतं आता. एक मुलगी प्रत्येक वाक्यात "की जे" घालायची, "हा मुद्दा की जो महत्त्वाचा आहे की ज्यामुळे". मी विचारलं का गं, तर म्हणाली मॅडम, छोटी वाक्यं लहान मुलांची असतात ना, कॉलेजमध्ये मोठी लिहायची. म्हणजे ती चुकत नव्हती, मेहनत घेत होती! तिला कुणीतरी शाळेत तसं सांगितलं होतं. पाच मिनिटं बोललो आणि सुटलं. पण ती पाच मिनिटं १६० जणांना मी कुठून देऊ.

मार्कांचं पण बोलायला हवं. एकदा आम्ही पाच जणांनी सहज म्हणून एकच निबंध आपापला तपासला, नावं झाकून. दहापैकी कुणी ४ दिले कुणी ८. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो, कारण त्या मुलाचं काय होणार हे तो कुठल्या तुकडीत पडला यावर ठरणार होतं. नंतर समजलं की १९६१ मध्ये अमेरिकेत पॉल डायडरिक वगैरे मंडळींनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता, ३०० निबंध, ५३ वाचणारे, ९ श्रेणी, आणि एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्यांनी बसून तेच चार पेपर वाचायचे आणि भांडायचं, तू ८ का दिलेस, मी ४ का दिले. आम्ही दोन वर्षं केलं स्वतःच्या वेळात, शनिवारी. भांडणं झाली, एक सर रुसले पण, पण तिसऱ्या बैठकीपर्यंत फरक एक-दीड मार्कावर आला. मग तीन जणांची ऑर्डर रिन्यू झाली नाही आणि ते बंद पडलं. जे लोक शिकले ते गेले, आता नवीन आलेत, त्यांच्या हातात तिरकी झेरॉक्स.

रायटिंग सेंटर, म्हणजे मुलानं आपलं लिखाण घेऊन यावं आणि कुणाशी तरी बसून त्यावर बोलावं अशी जागा, या प्रकाराबद्दलही लोक विचारतात. आमच्याकडे आहे, म्हणजे पाटी आहे, आत एक बंद प्रिंटर आणि जुन्या उत्तरपत्रिका. जिथं चालतं तिथंसुद्धा बाकीच्या डिपार्टमेंटना वाटतं की ते गॅरेज आहे, पोरगं पाठवायचं, संध्याकाळी भाषा दुरुस्त होऊन परत. एका सरांनी मला चिठ्ठी पाठवली होती, "याची भाषा नीट करून द्या, शुक्रवारी सबमिशन आहे." अमेरिकेतल्या स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्येच वैतागून लिहिलंय की आम्हा रायटिंग सेंटरवाल्यांचं काम चांगला पेपर तयार करणं नाही, चांगला लिहिणारा तयार करणं आहे. आणि प्रयोगाचा रिपोर्ट कसा लिहायचा हे मी केमिस्ट्रीच्या मुलाला काय सांगणार, ते त्याच्या सरांनाच माहीत, फक्त त्यांना ते माहीत आहे हे माहीत नाही. असो, त्यावर वेगळं पत्र होईल.

आता एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि एका वर्षात माझ्या वर्गातले सगळे एकदम छान लिहायला लागले, इतकं छान की वाचताना झोप यावी. वरून लगेच मदत आली, म्हणजे सॉफ्टवेअर आलं, मशीननं लिहिलेलं पकडणारं. आकडा येतो, इतके टक्के एआय. एका मुलाला त्यानं ८० च्या वर टक्के दाखवले, मी त्याला बोलावून ऐकवलं, तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला, हातानं लिहिलेला कच्चा मसुदा, खाडाखोड, बाण, समासात फोन नंबर कुणाचातरी. मी त्याची माफी मागितली, वर्गासमोर नाही मागितली, ती मागायला हवी होती. नंतर वाचनात आलं, २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी असे सात डिटेक्टर तपासले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यात घातले, तर सरासरी ६० टक्क्यांहून जास्त निबंध मशीननं लिहिलेत असा निकाल आला. जे साध्या शब्दात, मोजक्या शब्दसंपत्तीत लिहितात तेच सापडतात. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं सुद्धा स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केला, अचूकता कमी आहे म्हणून. आणि आम्ही ते चालू ठेवून मुलांना नोटिसा देतोय.

कॉपी कुणी केली ते मला मशीनशिवाय कळतं हो, जर मी त्या मुलाचं आधीचं लिखाण वाचलेलं असेल तर. वर्गात बसून पहिला ड्राफ्ट लिहून घेतला, मग दुसरा बघितला, मधे पाच मिनिटं बोललो, की हे वाक्य इथून का हलवलंस, तर लगेच समजतं कुणी लिहिलंय. आणि कुणी मशीन वापरलं असेल तर त्यावरही बोलता येतं, त्यानं काय दिलं, तू काय ठेवलंस आणि का. पण परत तेच, वेळ. सॉफ्टवेअरला पैसे आहेत, वाचणाऱ्या माणसाच्या तासाला नाहीत. मला खरंच कळत नाही हे कसं ठरतं.

फुकट मिळणाऱ्या गोष्टी जगात कमी नाहीत. पर्ड्यू युनिव्हर्सिटीची लेखनाची साइट १९९४ पासून ऑनलाइन आहे, कोलोरॅडो स्टेटनं चालवलेलं एक भांडार १९९७ पासून आहे, तिथं या विषयावरची पुस्तकंच्या पुस्तकं मोफत मिळतात, नवीन शिक्षकांनी जरूर बघावं. पण ते सगळं इंग्रजीत आणि तिकडच्या मुलांसाठी. मराठीत लिहिणाऱ्या मुलाचा कच्चा ड्राफ्ट, त्यावर शिक्षकानं काय लिहिलं, मग त्यानं काय बदललं, असं शेजारी शेजारी ठेवलेलं मला हवंय, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये पडलेलं आहे. माझ्याकडे नऊ वर्षांचं आहे, असाइनमेंट, वर्कशीट, चुकलेले प्रयोग सुद्धा. मुलांची परवानगी घेऊन, नावं काढून एखाद्या विद्यापीठानं हे एका ठिकाणी ठेवलं तर नव्या माणसाला निदान सरळ झेरॉक्स मिळेल. मी माझं द्यायला तयार आहे, फक्त ते नीट लावायला कुणाला तरी अर्धं सेमिस्टर मोकळं द्या, कारण रात्री अकरानंतर करायचं काम म्हणून हे सांगितलंत तर ते होणार नाही, मी आधीच सांगते.

तर माझं मागणं एवढंच आहे, आणि ते कुलगुरूंपासून प्राचार्यांपर्यंत ज्यांच्या हातात आहे त्यांना आहे. लेखनाच्या तुकडीत मुलं किती याला वरची मर्यादा घाला, २० जमत नसेल तर २५ करा पण आकडा लिहा. पेपर वाचण्याचे तास वर्कलोडमध्ये धरा आणि त्याचे पैसे द्या. आठवड्यात एक तास लेखन शिकवणारे एकत्र बसतील असा टाइमटेबलमध्येच टाका, तिथं पीपीटी नको, मुलांचे पेपर हवेत. आणि जे चार लोक शिकून तयार झालेत त्यांना दरवर्षी घरी पाठवून नवे आणू नका. आणि पोरांना लिहिता येत नाही म्हणून पत्रं पाठवणाऱ्या वाचकांनी, राग तसाच ठेवा, फक्त ओळखीच्या कुठल्याही कॉलेजात फोन करून विचारा की तुमच्याकडे लेखनाच्या एका शिक्षकाकडे मुलं किती. उत्तर आलं तर तुमच्या पुढच्या पत्रात छापा.

आपली,
पहिल्या वर्षाला लेखन शिकवणारी एक वाचक

ता. क. हे पत्र घाईत टाइप केलंय, ऱ्हस्व दीर्घ चुकले असतील. दुरुस्त करू नका, समासात नुसत्या टिका करून परत पाठवा, मी शोधते.